ई, ईडलिंबाचा नव्हे

आमच्या अंकलिपीत ई ईडलिंबाचा होता. ईडलिंबू आळीत कोणी पाहिलेलं नव्हतं, पण निदान चित्र तरी होतं. हल्लीच्या ई ला चित्र नसतं, नुसता ओटीपी असतो. ई-केवायसी, ई-श्रम, ई-पीक पाहणी या वरातीत आता ई-सिम घुसलंय. गंमत म्हणजे बाकी वऱ्हाडातला ई इलेक्ट्रॉनिकचा आणि या एकट्याचा ‘एम्बेडेड’चा, म्हणजे रुतवलेला. फोनच्या बोर्डावर सोल्डर करून बसवलेली, सरकीएवढी चिप. काढता येत नाही, हरवता येत नाही, सदऱ्याच्या खिशातून धुण्यात जात नाही. रुतलेल्या वस्तूंबद्दल आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं मत काय, ते काळ्या रानातून पावसाळ्यात बंडी हाकलेल्या माणसाला विचारा.

आर्णी तालुक्यातले आमचे एक काका. त्यांचा भाचा डॅलसहून आला, मामासाठी आयफोन ठेवून परत गेला. काका तो घेऊन यवतमाळला दत्त चौकाजवळच्या एका मोबाईलच्या दुकानात आले, सोबतीला मी. सिम त्यांनी घरूनच काढून आणलं होतं, तंबाखूच्या डबीत, चुन्यापासून लांब ठेवून. दुकानातल्या पोरानं सवयीनं पिन उचलली, फोन चारी कडांनी फिरवला आणि पिन खाली ठेवली.

“काऊन रे?”

“भोकच नाही काका याले. अमेरिकेतला हाय.”

“मंग सिम कुठून घालतेत? तोंडातून?”

खरं आहे पोराचं. २०२२ साली आयफोन १४ आला, तेव्हापासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या आयफोनला सिमचा कप्पाच नसतो. १९९१ साली पहिलं सिम निघालं तेव्हा ते आख्ख्या एटीएम कार्डाएवढं होतं. मग कातरत कातरत नखाएवढं झालं आणि आता कात्रीला काही उरलंच नाही.

पुढचा तासभर शब्दांचा पाऊस. पोरानं *#०६# दाबलं, पडद्यावर आकड्यांची लांबच लांब ओळ आली. ही म्हणे ईआयडी, चिपचा नंबर, ३२ आकडी. “माह्या वावराचा गट नंबर तीन आकडी हाय,” काका म्हणाले, “आन् ह्या सरकीचा बत्तीस?” मला ही तुलना कंपनीच्या माहितीपत्रकापेक्षा बरी वाटली. चिप हे वावर, ईआयडी हा त्याचा गट नंबर, तो बदलत नाही. त्यात पेरायचं ते प्रोफाइल, म्हणजे तुमचा मोबाईल नंबर, कंपनी आणि ओळख पटवणाऱ्या किल्ल्या यांचं गाठोडं. एका चिपमध्ये अशी अनेक प्रोफाइल राहतात, पण एका वेळी एक किंवा फार तर दोन चालू. १५ आकडी आयएमईआय वेगळा, तो फोनचा. ट्रॅक्टरच्या चेसिस नंबरासारखा. आणि क्यूआर कोड म्हणजे बियाण्याची पिशवी नव्हे, पिशवी कुठल्या गोदामातून उचलायची त्याची चिठ्ठी. चिठ्ठी बहुधा एकदाच चालते. घरातल्या नातवानं खेळता खेळता प्रोफाइल डिलीट केलं की दुबार पेरणी, आणि बियाणं पुन्हा कंपनीच्या दारातच.

त्या गोदामाचं नाव ऐका: एसएम-डीपी प्लस.

काकांना त्यातला गावच्या ट्रान्सफॉर्मरचा शब्द तेवढा कळला. “डीपी? मंग झालं. जळाली का पंधरा दिस पाह्यनं नाही.”

पोरगा हसला, पण डीपी जळाली नाही. घोडं अडलं ते दुसरीकडेच. क्यूआर येणार ईमेलवर. ईमेल भाच्यानं काढून दिलेला, पासवर्ड भाच्याला पाठ, आणि डॅलसला तेव्हा रात्रीचे दोन. भाच्याला उठवलं. क्यूआर आला. तो स्कॅन करून प्रोफाइल उतरवायला इंटरनेट हवं आणि काकांच्या नव्या फोनला इंटरनेट येणार ते प्रोफाइल उतरल्यावर. रेंज आणायला आधी रेंज लागते. शेवटी पोरानं स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट दिला. यवतमाळात होता म्हणून दिला. पांढरकवड्यापलीकडच्या एखाद्या पोडावर, आडबाजूच्या वस्तीवर, कोणाकडे मागायचा?

क्यूआरचा फोटो मीही हौसेनं घेत होतो. काकांनी हात आडवा घातला. त्यांच्याच तालुक्यातल्या शेंदुरसनीत, दीडेक हजार वस्तीच्या गावात, २०२५ साली संगणकावर जन्माच्या सत्तावीस हजारांवर नोंदी निघाल्या होत्या. इतकी बाळं कोणत्या पाळण्यात निजवली ते गावालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून संगणकात काहीही जन्मू शकतं, यावर काकांचा गाढ विश्वास आहे.

तो चुकीचाही नाही. ई-सिमच्या नावानं होणाऱ्या चोरीची रीत अशी आहे. फोन येतो: तुमचं सिम बंद पडणार, ५जी करून देतो, आलेल्या मेसेजला हो म्हणा. तुम्ही हो म्हणता. तुमचा नंबर त्याच्या फोनात उगवतो आणि तुमच्या फोनातले टॉवरचे दांडे एकेक करून झोपतात. पुण्यात रेंज गेली की माणूस दचकतो. आमच्याकडे रेंज आली की दचकतो. मग चोरी झाली हे यवतमाळकराला कळायचं कसं? अशा वेळी १९३० वर ताबडतोब फोन करावा, असं सरकार सांगतं. कोणत्या फोनवरून, ते शेजाऱ्याशी आधीच ठरवून ठेवावं.

ई-सिम नवं आहे असंही नाही. आपल्या काळीपिवळ्यांपर्यंत ते नियमानं पोहोचलेलंच आहे. २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना जो जागा सांगणारा डबा सक्तीचा झाला, त्यात एम्बेडेड सिमच हवं असं मानकात लिहिलंय. डबा गाडी कुठं आहे ते सांगतो. आत किती माणसं कोंबलीत, ते अजून विचारत नाही.

काकांचं सिम संध्याकाळी चालू झालं आणि दुसऱ्या दिवशी कापूस विकायच्या नोंदणीसाठी त्यांनी कापूस महामंडळाचं ‘कपास किसान’ ॲप उघडलं. ओटीपी येईना. सिम बदललं की चोवीस तास मेसेज बंद, असा नियम आहे. चोराला ओटीपी मिळू नये म्हणून तो केला, आणि चांगलाच आहे. फक्त चोर आणि काका एकाच रांगेत उभे राहिले. कापूस घरात, व्यापारी दारात, भाव त्याच्या तोंडात आणि काका फोन घेऊन स्लॅबवर.

“मागल्या साली फवारणीच्या ड्रमात फोन पडला होता,” ते वरूनच म्हणाले. “सिम काढलं, सदऱ्याले पुसलं, बटणाच्या फोनात टाकलं. सालदार ड्रम ढवळेपर्यंत बोलनं सुरू. हा पडला तं?”

हा पडला तर नवा फोन, नवी ईआयडी, कंपनीच्या दारात नवा अर्ज, भाच्याला पुन्हा रात्री दोनला उठवणं आणि पुन्हा चोवीस तास. मी हे सगळं सांगितलं नाही. त्यांना ते ठाऊक होतं, म्हणून तर विचारत होते.

खाली आले तेव्हा तंबाखूची डबी उघडी होती. जुनं सिम आत तसंच, चुन्यापासून लांब.

“काका, मेलं ते आता. फेका. काही नाही त्यात.”

काकांनी ते उलटंपालटं करून पाहिलं, मग आयफोन उलटापालटा करून पाहिला.

“आन् ह्याच्यात काय दिसून राह्यलं तुले?” म्हणाले आणि डबी मिटून खिशात टाकली.