ज्यांना झोडपलं, त्यांनीच मिरवलं

ऑक्टोबर २००८ मध्ये टीना ब्राउन या नामांकित संपादिकेने अमेरिकेत बातम्यांचं एक संकेतस्थळ काढलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘डेली बीस्ट’. नाव उचललं होतं ईव्हलिन वॉ या इंग्रज कादंबरीकाराच्या ‘स्कूप’मधून. आता १९३८ सालच्या त्या कादंबरीतलं ‘डेली बीस्ट’ म्हणजे काय प्रकरण आहे? मालक लॉर्ड कॉपर. भूगोलाचा गंध नाही, पण जगातल्या प्रत्येक युद्धावर मत तयार. त्यांना ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती नाही. योकोहामा ही जपानची राजधानी ना, असं साहेबांनी विचारलं, तर परराष्ट्र विभागाचा संपादक अदबीने सांगतो, काही अंशी. असल्या पेपराचं नाव आपल्या दारावर लावायला पत्रकारांना लाज वाटली नाही. उलट कौतुकच झालं.

वॉची ही खास कमाई. त्याने ज्याला ज्याला झोडपलं, त्याने त्याने त्याला कडेवर घेतलं.

‘स्कूप’ त्याने घरी बसून रचली नव्हती. १९३५ मध्ये ‘डेली मेल’चा वार्ताहर म्हणून तो ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, गेला होता. कादंबरीत बूट आडनावाच्या कादंबरीकाराऐवजी चुकून दुसऱ्याच बूटला युद्धावर धाडलं जातं. हा बापडा गावाकडे राहून पाखरं-उंदरांवर निसर्गसदर लिहिणारा. त्याहून भारी तो अमेरिकी नामवंत वार्ताहर. गाडीत झोप लागल्याने तो भलत्याच देशात उतरतो, तिथूनच क्रांतीची बातमी ठोकतो, आणि ती वाचून जगभरचे वार्ताहर तिथे धावल्यावर त्या देशात खरोखरच क्रांती होते. आज हा किस्सा एखाद्या वृत्तवाहिनीत सांगून बघा. ‘मग यात चुकलं काय?’ असं विचारतील.

मात्र वॉला संतपद देण्याची घाई नको. इतरांच्या थापा पकडणाऱ्या या गृहस्थाला मुसोलिनीची थाप पटली होती. ॲबिसिनियावरच्या इटलीच्या आक्रमणाची त्याने १९३६ मध्ये पुस्तक लिहून तरफदारी केली, आणि त्याच्या कादंबऱ्यांतले आफ्रिकी लोक बहुधा हसण्यापुरतेच आहेत. त्यावर आज हसू येत नाही, आणि येऊही नये.

१९४७ मध्ये त्याच्या ‘ब्राइड्सहेड रिव्हिजिटेड’वर सिनेमा काढायच्या बोलण्यांसाठी एमजीएम स्टुडिओने त्याला हॉलिवुडला नेलं. बोलणी फिसकटली. वॉ रमला तो फॉरेस्ट लॉन नावाच्या दफनभूमीत: हिरवळ, संगमरवरी पुतळे आणि रंगरंगोटी करून नटवलेली प्रेतं. घरी येऊन त्याने ‘द लव्हड वन’ लिहिली (१९४८) आणि या धंद्याची सालं काढली. हॉलिवुडने काय करावं? १९६५ मध्ये त्याच कादंबरीवर सिनेमा काढला. वितरक कोण? एमजीएम. फॉरेस्ट लॉनचंही काही बिघडलं नाही. मायकेल जॅक्सन तिथेच विसावला आहे.

हाच वॉ डिसेंबर १९५२ मध्ये गोव्यात आला होता, हे आपल्याकडे फारसं कुणाच्या गावी नाही. सेंट फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला चारशे वर्षं झाली म्हणून जुन्या गोव्यात त्याचे अवशेष दर्शनासाठी ठेवले होते. १९३० मध्ये कॅथलिक झालेला वॉ त्यासाठी एवढा प्रवास करून आला आणि नंतर गोव्यावर जिव्हाळ्याने लिहिलंही. चारच वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या जतन केलेल्या मढ्यांवर पुस्तकभर हसलेला माणूस! फरक आहे, कबूल. इकडे श्रद्धा, तिकडे दरपत्रक. पण हा सोहळा दुसऱ्या एखाद्या धर्माचा असता, तर वॉच्या लेखणीने त्याचं काय केलं असतं, याचा अंदाज वाचकांनीच बांधावा.

राहिलं ‘ब्राइड्सहेड’. १९४५ च्या या कादंबरीत त्याने उमरावांच्या वाड्यांवर गहिवरून लिहिलं, कारण हे वाडे आता धुळीला मिळणार याची त्याला खात्री होती. वाडे मिळाले नाहीत. नव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने स्वतःच सांगून टाकलं की आपण रिकाम्या शवपेटीपुढे मृत्युलेख वाचत होतो. पुढे १९८१ मध्ये ग्रॅनडा टेलिव्हिजनने मालिका काढली, यॉर्कशरमधल्या कॅसल हॉवर्डमध्ये चित्रीकरण झालं, आणि तो वाडा बघायला आजही लोक तिकीट काढून जातात. ज्या सामान्य जनतेच्या राज्याची वॉला धास्ती होती, तीच आता रांगेत उभी राहून वाड्याची डागडुजी भागवते. खुद्द वॉला सरकारने १९५९ मध्ये सीबीई हा किताब देऊ केला होता. त्याने नाकारला. तत्त्वासाठी नव्हे, त्याला ‘सर’ व्हायचं होतं. शेवटपर्यंत झाला नाही.

आणि एवढं सगळं करून नाव किती राहिलं? २०१६ मध्ये ‘टाइम’ने अमेरिकी महाविद्यालयांत सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या शंभर लेखिकांची यादी दिली. ९७ व्या क्रमांकावर ईव्हलिन वॉ. जगभर हशा पिकल्यावर दुरुस्ती झाली. गोंधळ तसा जुनाच. वॉच्या पहिल्या बायकोचं नावही ईव्हलिनच होतं. मित्रमंडळी ‘तो ईव्हलिन’ आणि ‘ती ईव्हलिन’ म्हणून भागवत. ‘टाइम’ने त्याचा फोटो एकदा बघून घेतला असता, तरी भागलं असतं.