रात्री आमच्या, भाव तुमचा

प्रति,
रिवॉर्ड्स विभागप्रमुख,
एक मोठी हॉटेल-साखळी

साहेब,

पत्राची सुरुवात नमस्काराने करायची आपल्याकडे रीत आहे. ती आज मोडते. न सांगता ज्याने आमच्या खात्यातून कापून घेतलं, त्याला आधी हिशोब विचारायचा, नमस्काराचं नंतर बघू. तुमच्या कंपनीचं नाव लिहीत नाही. तुमच्या शेजारच्या साखळीतला साहेबही याच वाटेने चाललाय, त्याने उगाच सुटल्यासारखं वाटून घेऊ नये.

मामला मुंबईतल्या एका खोलीचा आहे. आई-बाबा पहिल्यांदाच भावाकडे न्यू जर्सीला निघाले होते. कोल्हापूरहून महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी सीएसएमटी, एक दिवस मुंबईत विश्रांती, दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीनंतरचं विमान. तुमच्याकडे खोली हाती येते दुपारी तीनला आणि सोडायची बाराच्या ठोक्याला. म्हणजे विमानाच्या दिवशी दुपारपासून रात्रीपर्यंत सत्तरीतल्या दोन माणसांना पाठ टेकायची असेल, तर दुसऱ्या रात्रीचेही रिवॉर्ड पॉइंट मोजायचे. तेही मी मोजायला तयार होते. बाबा सरकारी नोकरीत असताना मंत्रालयाच्या कामाला मुंबईत यायचे आणि आमदार निवासात कुणाच्या तरी खोलीत सतरंजीवर झोपायचे. समोर मरीन ड्राइव्ह, पण खिडकी दुसऱ्याची. यावेळी ती खिडकी त्यांची असावी, एवढंच माझ्या मनात होतं.

तुमच्या ॲपवर नरिमन पॉइंटची खोली दिसली. किती पॉइंट लागतील तेही दिसलं. तुमच्याकडच्या माझ्या खात्यात थोडे कमी पडत होते, म्हणून क्रेडिट कार्डाचे पॉइंट तुमच्याकडे वळवले. हे पॉइंट एकदा वळवले की परत येत नाहीत, हा तुमचा आणि बँकेचा नियम. ते पोचायला काही दिवस लागतात, हाही तुमचाच कारभार. पॉइंट पोचले तेव्हा त्याच खोलीचा, त्याच तारखांचा भाव दीडपटीच्या वर गेला होता. ग्राहकसेवेला फोन केला, तर उत्तर मिळालं, "मॅडम, रेट सिस्टीम ठरवते."

सिस्टीमला पगार नसतो, साहेब. तुम्हाला असतो. म्हणून हे पत्र तुम्हाला.

हे पॉइंट आम्ही कसे कमावतो, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं, कारण प्रत्येक रात्रीची नोंद तुमच्याकडे आहे. गुरुग्राम, हैदराबाद, बेंगळुरू. रविवारी संध्याकाळी पुण्यातून बॅग भरून निघायचं आणि शुक्रवारी रात्री उशिरा परतायचं. मुलाचं शाळेतलं गॅदरिंग मी मोबाइलवर पाहिलं, तुमच्याच एका हॉटेलात बसून. भाडं ऑफिस भरतं आणि पॉइंट आमच्या नावावर पडतात, त्यामुळे भाव वाढला तरी कुणी आवाज करत नाही. फुकटचं होतं, गेलं तर गेलं, असं आम्हीच एकमेकांना सांगतो. ते फुकटचं कधीच नव्हतं. जवळपास सारख्या भाड्याच्या दोन हॉटेलांतून आम्ही तुमचं निवडलं, ते या पॉइंटांसाठी. तुमचा माल विकला गेला, पैसे तुमच्या खात्यात जमा झाले. त्याचा मोबदला देण्याची वेळ आली तेव्हा तुम्ही माप बदललंत.

हा धंदा कसा वाढला ते आठवून बघा. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने नेहमीच्या प्रवाशांसाठी मैल मोजायला सुरुवात केली आणि दोन वर्षांत हॉटेलवालेही त्यात उतरले. १९९९ मध्ये स्टारवुड या हॉटेल-साखळीने आपल्या योजनेत वर्ज्य तारखाच ठेवल्या नाहीत. साधी खोली शिल्लक असेल, तर ती पॉइंटवर मिळणार, असा तो शब्द होता. हॉटेलं श्रेणींत वाटलेली असत, प्रत्येक श्रेणीचा भाव तक्त्यात छापलेला असे. माणूस वर्षभर आधी ठरवू शकत होता की अमुक इतके जमले की अमुक ठिकाणी जायचं. मग हिल्टनने २०१७ मध्ये तक्ता काढला. स्टारवुडला २०१६ मध्ये विकत घेतलेल्या मॅरियटने २०२२ मध्ये काढला. हयातने मात्र तक्ता ठेवला आणि त्यांची हॉटेलं काही बंद पडली नाहीत. तेव्हा तक्ता ठेवून धंदा परवडत नाही, हे मला सांगू नका.

तक्ता गेल्याने नेमकं काय गेलं? पॉइंटचा खरा उपयोग गर्दीच्या दिवसांत होता. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले आलं, तेव्हा नवी मुंबईतल्या खोल्यांची भाडी आभाळाला भिडली. रोखीचा भाव मागणीप्रमाणे चढणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पॉइंटचा भाव ठरलेला असेल, तर अशा वेळी जुन्या ग्राहकाला आधार मिळतो. आता रोखीचा भाव चढला की पॉइंटचाही चढतो, आणि पुष्कळदा जास्त वेगाने. समजा, एक खोली मंगळवारी नऊ हजारांना आहे. १८ टक्के जीएसटी धरून १०,६२० रुपये, आणि पॉइंट ३०,०००. पॉइंटला साधारण ३५ पैसे पडले. तीच खोली शनिवारी सोळा हजार, करासह १८,८८०, आणि पॉइंट ७०,०००. आता पॉइंटला २७ पैसे. एकाच आठवड्यात, एकाच खोलीत, माझ्या कमाईची किंमत जवळपास चौथ्या हिश्शाने उतरली, आणि तुमच्या ॲपवर त्याबद्दल एक अक्षर नाही.

हा भागाकार मी आता प्रत्येक वेळी करते आणि वाचकांनाही करायला सांगते. सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर कर ५ टक्केच आहे, त्यामुळे तिथे पॉइंट वापरून वाचणारा करही कमी. अशी खोली रोखीने घ्यावी आणि पॉइंट हातात ठेवावेत. नाश्ता धरलाय का, तिसऱ्या माणसाचे वेगळे पैसे किती, कुठल्या तारखेपर्यंत रद्द करता येईल, हे बुकिंगच्या आधीच विचारून घ्यावं.

आणि जागा. मुंबईत अंतर मिनिटांत सांगतात, हे तुमच्या वेबसाइटला अजून कळलेलं नाही. साकीनाक्याच्या पलीकडच्या हॉटेलाला 'एअरपोर्ट' म्हणायचं, कालिन्याच्या हॉटेलाला 'बीकेसी' म्हणायचं, आणि नकाशावर ठिपका असा टाकायचा की बाहेरगावच्या माणसाला वाटावं, पायी जाता येईल. ज्यांचं व्हिसाचं काम बीकेसीत सकाळी असतं, ती माणसं तुमच्या या नावावर विसंबून अंधेरी-कुर्ला रोडच्या गर्दीत रिक्षात अडकून बसतात. आता तर विमानतळही दोन झाले. नवी मुंबईच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली. नुसतं 'विमानतळाजवळ' लिहून चालणार नाही, कुठल्या विमानतळाजवळ ते लिहा. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो तीन थेट कफ परेडपर्यंत धावते, सहारच्या टी-टू टर्मिनलला तिचं स्टेशन आहे, त्यामुळे सहारला राहून फोर्ट-चर्चगेटची कामं उरकणं हलकी बॅग असणाऱ्याला सहज जमतं. हे एका ओळीत सांगितलंत तर किती जणांचे पॉइंट वाचतील. पण महागडी खोली खपण्यात ज्याचा फायदा, तो हे का सांगेल?

आणखी एक खेळ आहे. पॉइंटवर मिळते ती 'स्टँडर्ड' खोली. स्टँडर्ड कशाला म्हणायचं, हे बरेचदा हॉटेलच्या हाती. थोड्याशा खोल्या त्या नावाखाली ठेवायच्या, बाकीच्यांना 'सिटी व्ह्यू', 'क्लब', 'प्रीमियम' अशी नावं द्यायची. की रोखीने हॉटेल मोकळं आणि पॉइंटवर भरलेलं. हॉटेलमालकही यात पडतो, कारण पॉइंटवरच्या पाहुण्याचे पैसे त्याला तुमच्याकडून मिळतात आणि हॉटेल रिकामं असताना ते अगदी थोडे असतात. दुसऱ्या हाताने तुम्ही बँकांना पॉइंट विकत राहता. पॉइंटांचा ढीग वाढतो, खोल्या तेवढ्याच राहतात, आणि तो तोटा भरून काढायला तुम्हाला सभासदच सापडतो.

आपल्या देशात ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा आहे. त्याखाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहकाला फसवणाऱ्या 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या, तेरा प्रकार नावानिशी दिले. खोटी घाई करणं त्यात आहे, किंमत आधी लपवून शेवटी उघड करणं त्यात आहे. 'एकच खोली शिल्लक' असं लाल अक्षरांत लिहिणाऱ्या तुमच्या पानाने त्या सूचना शांतपणे वाचाव्यात. पॉइंट म्हणजे पैसे नाहीत, असं तुमच्या अटींत लिहिलेलं असतं. मग बँकांना तेच पॉइंट विकून तुम्ही काय कमावता?

आई-बाबा शेवटी सहारलाच राहिले, रोखीने. खिडकीतून उड्डाणपूल दिसत होता. आईला त्याचं काही वाटलं नाही, बाबांनी काही विचारलं नाही. पण मी त्यांना समुद्राचं सांगून बसले होते, तुमच्या पानावरच्या आकड्याच्या भरवशावर. म्हणून राग आहे, आणि तो मला लपवायचा नाही.

मागणं अवघड नाही. वर्षाचा दरफलक लावा आणि तो वर्षभर पाळा. भाव वाढवायचा असेल तर सहा महिने आधी कळवा. बँकेतून पॉइंट येत असतील तेवढे दिवस खोली दिसलेल्या भावाला धरून ठेवा. विमानाच्या तिकिटाचा भाव काही ठिकाणी थोड्या शुल्कात धरून ठेवता येतो, तुम्हाला हे जड जाऊ नये. हे होईपर्यंत हैदराबादला काय किंवा गुरुग्रामला काय, ऑफिसच्या कामाला हॉटेल निवडताना मी जागा बघेन, भाडं बघेन, नाश्ता बघेन. माझा सभासद क्रमांक तुम्ही विचारलात तरी सांगणार नाही.

तुमची
एक जुनी सभासद, पुणे