लांबी भरलेली चौकट

नवी मुंबईत जुना फ्लॅट घेणारा कागद मात्र डोळ्यांत तेल घालून तपासतो. सिडकोचं ना हरकत पत्र, सोसायटीचा दाखला, झालंच तर बँकेचा व्हॅल्युअर. हा गृहस्थ खोल्या मोजतो, भाव काढतो आणि चहा घेऊन जातो. बाथरूमच्या चौकटीचा पाय बोटाने दाबून बघणं त्याच्या कामात येत नाही.

विकणाऱ्याच्या येतं. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशी धरते, आणि वाशी-नेरुळचा पावसाळा तिला काही कमी पडू देत नाही. मग कुजक्या भागात लांबी भरायची, वरून ऑइलपेंटचा हात. ‘नुकतंच रंगकाम केलंय’!

सहज न दिसणारा, पण स्वतःला ठाऊक असलेला मोठा दोष विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, असं १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५५ आहे. ठाऊक होता हे सिद्ध कोण करणार? बुरशी साक्षीला येत नाही. रेराची ५ वर्षांची दोषहमी बिल्डरकडून. जुन्या घराला तिचा काय उपयोग?

शेवटी सुतार चौकट उपटतो आणि ग्रॅनाइटची बसवायला सांगतो. खर्च नव्या मालकाचा. गळती वरच्या मजल्याची. आणि वरचे म्हणतात, आमच्याकडे तर सगळं कोरडं आहे.