डबा पावडरीचा, वास पिठल्याचा

"ओ वहिनी, कोपऱ्यावरच्या घरी काल डबा आला, पाहिला का?"

"पाहिला की. प्रोटीन पावडर. पोरगं मुकुंदवाडी स्टेशनाकडं जिमला जाऊ लागलं ना!"

"आई रोज भाकरी-पिठलं करते, ते मात्र त्याला नको."

"तिथंच तर गंमत आहे. हयात विज्ञान शिकवण्यात गेली म्हणून सांगते. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची पोत. मणी 20 तऱ्हेचे. त्यातले 9 अंगात बनत नाहीत, खाण्यातूनच यावे लागतात. पोत गाठवताना एका तऱ्हेचा मणी संपला की काम अडलं, बाकीचे ढीगभर असोत."

"मग भाकरीत काय कमी?"

"लायसिन. ज्वारी, बाजरी, गहू, सगळ्यांतच तोकडं. डाळीत ते भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यातून येतं. एकाच घासात हवं असंही नाही, दिवसभरात मिळालं तरी चालतं. आजीला हे ठाऊक होतं असं मी म्हणणार नाही. शेतात तुरी होत्या म्हणून ताटात वरण होतं. पण भाकरी दोन नि पिठलं चमचाभर, मग कसं भागायचं?"

"सुनेच्याच ताटात असतं ते चमचाभर."

"खरंय बाई! बाईच्या वाट्याला कमीच, विज्ञानातही तेच. लेखिका दुर्गा भागवतांची धाकटी बहीण, कमला सोहोनी. 1933 मध्ये बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तर सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या हटेनात, तेव्हा वर्षभर पारखू म्हणून घेतलं. तिथं दूध नि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं, पुढं केंब्रिजला जाऊन 1939 मध्ये डॉक्टरेट मिळवली."

"रामन? नोबेलवाले?"

"तेच. नोबेल मिळालं म्हणजे सगळ्यातच शहाणपण येतं थोडंच!"

"बरं, पावडर वाईट का?"

"वाईट नाही, बहुतेक दुधाचीच असते. पण किलोमागं दिवसाला साधारण 0.8 ग्रॅम प्रथिन पुरतं. पोरगं 60 किलोचं असेल, म्हणजे 50 ग्रॅमच्या आतच. व्यायामाचं थोडं वर धरा. उरलेलं प्रथिन म्हणून साठत नाही; त्यातला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो."

"म्हणजे डब्याचे हप्ते मोरीत!"

"हळू बोला. चिकलठाण्याची शिफ्ट सुटली, त्याचे वडील येऊ लागलेत."

"त्यांना ठाऊक नाही?"

"दुधात घालायची चॉकलेट पावडर आहे म्हणून सांगितलंय त्यांना. काल दोन कप पिऊन गेले!"