बॉनेटमामा

पुणे-हैदराबाद हमरस्त्यावर हुमनाबादच्या आसपास कुणाच्या गाडीचं बॉनेट वर झालं, की पाच मिनिटांत मामा उगवतात. बोलवायची गरज नसते. स्वतःची गाडी त्यांनी कधी घेतली नाही. भालकी-बीदर बसनेच करतात. पण नंबरप्लेट बघून त्यांची भाषा बदलते. एमएच २४ दिसली की "काय करलालाव?", केए ३८ असली की "नोड्री, नोड्री", आणि हैदराबादवाल्याला थेट, "सेल्फ नक्को मारो मियाँ!"

बिघाड नंतर. आधी शास्त्र.

"इंजन म्हणजे चार भावांचं एकत्र घर," मामा बॉनेटवर हात ठेवतात. "एक हवा-पेट्रोल आत ओढतो, दुसरा दाबून धरतो, तिसऱ्याकडे भडका उडतो, चौथा धूर बाहेर ढकलतो. कुठल्याही घडीला खरा राबतो तो एकच! पण पाळी चुकत नाही. क्रँकचे दोन फेरे झाले की एकेकाचा एक भडका. आधी थोरला, मग तिसरा, मग धाकटा, शेवटी दुसरा."

"पण मामा, गाडी चालू का होईना?"

"पेट्रोल का डिझेल?"

डिझेल म्हटलं की मामांना चेव येतो. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन माणसाचं इंजन १८९७ साली नीट चाललं, तेव्हा मामा जणू शेजारी पाना धरून उभे होते. "ह्यात ठिणगीचा प्लगच नाही. नुसती हवा दाबायची, पंधरा-वीस पट. ती अशी तापते की फवारलेलं तेल आपोआप पेट घेतं. आमचा थोरला चुलता डिट्टो असाच."

तेवढ्यात गॅरेजचा पोरगा येतो, बॅटरीचं टर्मिनल खरवडतो, आवळतो. गाडी सुरू.

"मी दुसरं काय सांगत होतो?" मामा म्हणतात आणि चहा गाडीवाल्याच्या नावावर पितात.

परवा मात्र एक इलेक्ट्रिक गाडी चार्जिंग संपून उभी राहिली. मामांनी आत डोकावून पाहिलं. पिस्टन नाही, प्लग नाही, सायलेन्सरसुद्धा नाही.

"दुसऱ्या गिअरला टाका, धक्का मारू."

"मामा, हिला दुसरा गिअरच नाही."

मामा क्षणभर गप्प. मग बॉनेट आपटून म्हणाले, "वेगळं निघालेलं घर! भाऊ नाहीत, धूर नाही, भांडण नाही. पण अडलं तर हाक मारायची कुणाला?"


चहा त्यांनी तरीही मागवलाच.