एकहाती ऑर्केस्ट्रा

फिंगरस्टाइल गिटार म्हणजे ऑर्केस्ट्रातली नोकरकपात. अंगठ्याने जाड तारांवर बास सांभाळायचा, उरलेल्या बोटांनी बारीक तारांवर चाल काढायची आणि सापडेल त्या फटीत गिटारीच्या पोटावर थाप मारून तबलजीलाही घरी बसवायचं. अमेरिकेत मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाला या सगळ्यासाठी मुख्यतः अंगठा आणि तर्जनी पुरायची.

आपले चिरंजीव मात्र आधी नखं वाढवतात. फक्त उजव्या हाताची. मग भांडी घासणं बंद, कणीक मळणं बंद. कलेसाठी त्याग लागतोच. तो घरच्यांनी करायचा असतो.

गाणंही ठरलेलं: १९७३च्या ‘यादों की बारात’मधलं ‘चुरा लिया है तुमने’. मूळ गाण्यात आशाबाई, रफीसाहेब आणि पंचमचा अख्खा ताफा. इथे एकटा जीव. सुरुवातीचा तुकडा झकास जमतो, कारण तो मुळातच गिटारचा. पुढे गायचं काम बोटांवर आलं, की चिरंजीव थबकतात आणि पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या काकांनी परवा न राहवून खिडकीतूनच मुखडा गाऊन टाकला. बेसूर होता, पण पूर्ण होता.