रंगवा, म्हणजे सुधारलं

2017 च्या अखेरीस मुंबईत घाटकोपरलगतच्या असल्फा टेकडीवरची घरं स्वयंसेवकांनी गुलाबी, पिवळी, निळी रंगवली. मेट्रोतून बघणाऱ्यांना लगेच इटलीतलं पोझितानो आठवलं. टेकडीवर राहणाऱ्यांना काय आठवलं, ते विचारायला मेट्रो तेवढा वेळ थांबत नाही. त्याच सुमारास मासळीच्या ससून डॉकवर कलामहोत्सव भरला आणि नाकाला रुमाल लावून सेल्फी कसा काढावा, हे मुंबईकर शिकले.

आमची टेंभुर्णी (जाफराबाद तालुक्यातली, सोलापूरवाल्यांनी हुरळून जाऊ नये) या बाबतीत केव्हाच पुढे गेलेली. इथं भित्तिचित्रांचा महोत्सव बारमाही. खाली कपाशीचं बियाणं, वर सिमेंट, मधे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’, आणि निवडणूक लागली की त्या सगळ्यावर हात जोडलेला उमेदवार. चुन्याचा एक हात मारला की तो गेला. एक चांगला पाऊस झाला की पोपड्यांतून त्याचा अर्धा चष्मा पुन्हा बाहेर. फक्त याला ‘नागरी पुनरुज्जीवन’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून निधी हुकला.

निधी आला कधी, तर पेंटरला एवढंच सांगा: भिंतीवर नळ मोठा काढ, धार जाड काढ. पाहुण्यांना उद्घाटनाला काहीतरी सोडायला लागतं.